गेलेले ग्रंथ, राहिलेले ग्रंथ : मराठवाड्याच्या ग्रंथेतिहासात शिरणाऱ्यांसाठी

१७५८ च्या मे महिन्यात औरंगाबादेत शाहनवाझखान मारला गेला. निजामाच्या दरबारातला हा मोठा मुत्सद्दी. दरबारी कारस्थानांत त्याचा बळी गेला आणि मागोमाग त्याचे घर लुटले गेले. त्या लुटीत एक हस्तलिखितही गेले. पूर्वी एकदा मर्जीतून उतरल्यावर खानाला काही वर्षे सक्तीने घरी बसावे लागले होते. त्या दिवसांत याच शहरात त्याने मुघल सरदारांची चरित्रे लिहायला घेतली होती. ‘मआसिर-उल-उमरा’ या ग्रंथाचा तो मसुदा. खानाचा स्नेही, अरबी-फारसीचा पंडित गुलाम अली आझाद बिलग्रामी याने तो शोधायचे मनावर घेतले. वर्षभराने मसुदा हाती आला. आझादने पाने लावली, लेखकाचे चरित्र लिहिले, ग्रंथाला प्रस्तावना जोडली. पुढे खानाचा मुलगा अब्दुल हई याने पुष्कळ भर घालून १७८० मध्ये तो पुरा केला. त्यानंतर शंभरएक वर्षांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो छापला, आणि आज मुघल दरबाराचा अभ्यास करणाऱ्या कोणाचेही या ग्रंथावाचून चालत नाही.

मराठवाड्याच्या ग्रंथेतिहासात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाला मी ही हकीकत सर्वांत आधी सांगतो. ग्रंथ कोणी लिहिला हे आपण विचारतोच. पण लिहून झाल्यावर तो कुठे राहिला, कोणाच्या घरातून कोणाच्या घरात गेला, कोणी दडवला, कोणी परत आणला, आणि शेवटी कोणाला तो वाचायला मिळाला, हे आपण फारसे विचारत नाही. या भागात तर हे प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. इथे ग्रंथ कमी निर्माण झाले असे कधीच नव्हते. निर्माण झालेले ग्रंथ इथे टिकून राहतील आणि ज्याला हवे त्याला मिळतील, अशी जागा मात्र फार उशिरा उभी राहिली. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे ग्रंथालय, म्हणजे आजचे ज्ञानस्रोत केंद्र, आणि त्याच्याभोवतीची महाविद्यालयीन ग्रंथालये यांचे महत्त्व मला या कसोटीवर मोजावेसे वाटते.

आरंभ कागदापासून करावा. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो. शेकडो वर्षे या गावात हाताने कागद तयार होत आला आहे. जुनी दप्तरे हाताळणाऱ्यांना दौलताबादी कागद हे नाव चांगले ठाऊक असते. मोडीतले हिशेब, फारसी फर्माने, संस्कृत पोथ्या यांचा आधार असलेला हा कागद या शहराच्या उशाशीच तयार होत होता. मोडी शिकायला येणाऱ्या मुलांनी एक दिवस तरी कागजीपुऱ्यात घालवावा, असा माझा आग्रह असतो. कागदाची वीण आणि जाडी बोटांना कळू लागली, की दप्तरातला कोणता ताव मूळचा आणि कोणता मागाहून आत आलेला याचा अंदाज बांधता येतो.

शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर पैठण आहे. तिथे एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांच्या ध्यानी आले, त्यांनी पाठ तपासले, आणि आपल्या पदरच्या ओव्या कोणी त्यात घालू नयेत असेही बजावले. मराठीत पाठचिकित्सेचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण इथूनच लिहावे लागेल. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर कागदाचीही वाट पाहिली नाही. त्यांची ‘पासोडी’ म्हणजे सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिलेला वेदान्तग्रंथ. ग्रंथालयशास्त्राच्या कोणत्याही नमुन्यात ती बसत नाही. पुस्तक म्हणावे तर पाने नाहीत, चित्र म्हणावे तर मजकूर आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या उलगडल्या, तेव्हा मराठी गद्याचा आरंभच काही शतके मागे न्यावा लागला. हे सगळे ग्रंथ कोणत्याही ग्रंथालयात नव्हते. घराणी, मठ, बाडे आणि देव्हारे ही त्यांची ठिकाणे होती, आणि ती सांभाळणाऱ्यांच्या मर्जीवर वाचकाचा प्रवेश ठरत असे.

फारसी आणि अरबीची कथाही अशीच. पाणचक्कीच्या परिसरात बाबा शाह मुसाफिर यांची दर्गा आहे. तिथल्या नक्शबंदी फकिरांच्या हकीकती ‘मल्फूझात-ए-नक्शबंदिया’ या ग्रंथात आहेत. सायमन डिग्बी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध केले आणि औरंगजेबाच्या काळातले दख्खनचे रस्ते, सैनिक, बाजार, आजार हे सगळे जगापुढे आले. आझाद बिलग्रामीनेही काही वर्षे याच ठिकाणी मुक्काम केला होता. त्या काळी पाणचक्कीला चांगला ग्रंथसंग्रह होता. त्यातला बराचसा पुढे हैदराबादला नेला गेला. औरंगाबादच्याच किल्लेअर्कातल्या मुघल दप्तरांचेही तेच झाले. दख्खनच्या सुभ्यांचा कारभार ज्या कागदांवर झाला ते लाखाहून अधिक कागद आज हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत, आणि इनायत जंग संग्रह या नावाने ओळखला जाणारा मोठा गठ्ठा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. पैठण किंवा जालना परगण्याचा सतराव्या शतकातला महसूल शोधणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणून आधी रेल्वेचे तिकीट काढावे लागते.

दप्तरे हलवणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. वाळवी लागलेल्या कोठीपेक्षा राजधानीतले दप्तरखाने सुरक्षित होते, आणि तिथे गेल्यामुळेच पुष्कळ कागद वाचले. पण कागद जिथे जातो तिथेच त्याचे वाचक घडतात. मागे राहिलेल्या गावात तो वाचू शकणारी माणसे हळूहळू संपतात. फारसी वाचणारा मराठी अभ्यासक आज मराठवाड्यात किती कष्टाने शोधावा लागतो, हे पाहिले की या स्थलांतराची खरी किंमत कळते.

उर्दू विद्येचा संसारही या शहरात वीसेक वर्षे बहरला आणि उठून गेला. मौलवी अब्दुल हक अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि संस्थेचे ठाणे औरंगाबादेत आले. १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघू लागले. दखनीतले जुने ग्रंथ शोधून, तपासून छापण्याचे मोठे काम त्यांनी केले. वजहीचा ‘सबरस’ त्यांच्याच संपादनात प्रकाशात आला. वली आणि सिराज या औरंगाबादच्या कवींना उर्दू साहित्याच्या इतिहासात आज जे मानाचे स्थान आहे, त्यामागे या पिढीच्या संपादकांची मेहनत आहे. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात अंजुमन दिल्लीला गेली. तिच्याबरोबर छपाई, पत्रव्यवहार आणि अभ्यासकांची ये-जाही गेली.

निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबादेत १९१७ मध्ये भाषांतर विभाग स्थापन झाला आणि भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंतची पाठ्यपुस्तके उर्दूत उतरली. औरंगाबादच्या शासकीय महाविद्यालयात, म्हणजे १९२३ साली सुरू झालेल्या तेव्हाच्या इंटरमीडिएट कॉलेजात, मराठी घरांतली मुले ही पुस्तके वाचून शिकली. त्या पिढीकडे आपण अजून नीट पाहिलेले नाही. घरी मराठी, शाळेत उर्दू, नोकरीत फारसी वळणाचे कागद आणि पुढे इंग्रजी, अशा चार भाषांत वावरणारी ती माणसे होती. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली ती याच जगातून. या पिढीच्या घरांत उरलेली पुस्तके आज नातवंडांना वाचता येत नाहीत आणि रद्दीत जातात. ग्रंथेतिहासाच्या तरुण अभ्यासकाने उर्दू लिपी शिकावी, हे मी हात जोडून सांगेन. सहा महिन्यांत येते.

मराठी वाचकाने त्या काळात स्वतःची व्यवस्था स्वतः केली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. सभा-संमेलनांवर परवानगीची बंधने असलेल्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात वाचनालय म्हणजे वर्तमानपत्र आणि माणसे एकत्र येण्याची जागा होती, आणि म्हणून सरकारचे तिच्यावर लक्ष होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हा ते नावे बदलून निघत राहिले. सूचीकाराला यातून एक अवघड काम मिळते. एकाच नियतकालिकाचे अंक वेगवेगळ्या शीर्षकांखाली विखुरलेले असतात आणि त्यांचा धागा जुळवायला तारखा, मुद्रणस्थळ आणि संपादक यांवरच भिस्त ठेवावी लागते.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि तो परिसर नागसेनवन झाला. बाबासाहेब ग्रंथांचे किती मोठे वाचक होते हे सर्वांना माहीत आहे. राजगृह हे घर त्यांनी पुस्तकांसाठी बांधले, आणि त्यांच्या वैयक्तिक संग्रहातला मोठा भाग मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहे. तिथल्या जॉन ड्युईच्या प्रतींवर त्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणांवरून त्यांच्या विचाराचा माग अभ्यासकांनी काढला आहे. एका वाचकाच्या हातची प्रत केवढे बोलते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पण मराठवाड्याच्या दृष्टीने मिलिंदचे मोल वेगळे आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पोथीला हात लावू दिला गेला नव्हता, ती मुले इथे ग्रंथालयाच्या टेबलाशी हक्काने बसली. पुढे लेखक झाली. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांनी सुरू केलेले ‘अस्मितादर्श’ हे त्याच भूमीतले. दलित साहित्याचा अभ्यास जगात कुठेही चालू असो, त्याला या नियतकालिकाच्या फायलींकडे यावेच लागते.

न्यायमूर्ती पळनिटकर समितीच्या शिफारशीनंतर २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी मुंबई विद्यापीठाचा दीर्घ अनुभव घेऊन आले होते. काळही अनुकूल होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने आदल्याच वर्षी एस. आर. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली होती, आणि ग्रंथालय हा विद्यापीठाचा गाभा आहे हे तत्त्व सरकारी कागदावर येत होते. बौद्ध लेण्यांच्या डोंगराला टेकून, सोनेरी महालाच्या शेजारी हा परिसर वसला. मराठवाड्यात लिहिले-छापले गेलेले इथेच जमवावे, इथेच वर्गीकृत व्हावे, आणि गावाकडून एसटीने येणाऱ्या मुलाला ओळखपत्र दाखवून वाचता यावे, असे ठिकाण पहिल्यांदा मिळाले.

आता संग्रह वाचायचा कसा, याविषयी. विद्यापीठीय ग्रंथालयाला आपोआप काही येत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी आपल्या प्रती कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना पाठवायच्या असतात. औरंगाबादला त्यात जागा नाही. म्हणून इथले प्रत्येक पुस्तक कोणीतरी मागितले, विकत घेतले, भेट दिले किंवा नियतकालिकाच्या बदल्यात मिळवले म्हणून इथे आहे. आणि म्हणून माझ्या मते या ग्रंथालयातला सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे दाखल नोंदवही. तारीख, दाखलांक, लेखक, किंमत, कोठून आले, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. कोणत्या वर्षी कोणत्या विभागाची पुस्तके भराभर आली, अनुदान संपल्यावर खरेदी कशी आटली, कोणाच्या घरचा संग्रह कधी भेट आला, निर्लेखनात काय गेले, हे सगळे त्या रकान्यांत असते. ग्रंथसंख्येचे आकडे अहवालात शोभतात. इतिहास लिहायला नोंदवही लागते. ज्या ग्रंथालयात जाल तिथे पहिल्या दिवशी ती पाहण्याची परवानगी मागा, आणि ग्रंथपालांशी मैत्री करा. जुन्या सेवकांच्या स्मरणात असलेले अनेक तपशील कोणत्याही सूचीत नाहीत.

वर्गांकांकडेही जरा सावधपणे पाहावे. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ वर, हिंदू धर्म २९४.५ वर, बौद्ध धर्म २९४.३ वर, इस्लाम २९७ वर. महानुभाव ग्रंथ सूचीकाराच्या समजुतीप्रमाणे साहित्यात तरी सापडेल किंवा धर्मात तरी. एकनाथांच्या भारुडांतला हिंदु-तुर्क संवाद मराठीच्या कपाटात, आणि त्याच मातीतला वली उर्दूच्या कपाटात, दुसऱ्या मजल्यावरही असू शकतो. मराठवाड्याचा विषय घेतलेल्या अभ्यासकाने किमान तीन वर्गांकांच्या फळ्या स्वतः चालून पाहाव्यात. संगणकीय सूचीत शोधताना रोमन लिपीतल्या नोंदींची सर्व रूपे टाकून पाहावीत. ज्ञानेश्वर हे नाव डी, जे आणि जी अशा तिन्ही अक्षरांनी सुरू झालेले सापडते, आणि एका रूपावर थांबणाऱ्याला बराचसा संग्रह दिसतच नाही.

विद्यापीठाच्या भूगोलाचेही भान हवे. आरंभी मराठवाड्याचे पाचही जिल्हे, आणि जालना व लातूर वेगळे झाल्यावर सातही, या विद्यापीठात होते. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले आणि इथे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे चार जिल्हे उरले. त्यामुळे नांदेड, परभणी, लातूरवरचे १९९४ पूर्वीचे प्रबंध इथे आहेत आणि नंतरचे तिकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर सादर झालेले प्रबंध गांधीनगरच्या ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. त्याआधीच्या टंकलिखित, कापडी बांधणीच्या प्रबंधांपैकी अनेकांसाठी आजही प्रबंध विभागात येऊन बसावे लागते. त्यांत यू. म. पठाण यांच्या परंपरेत झालेला महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास आहे, प्रभाकर मांडे यांच्या वळणाने झालेली लोकसाहित्याची संकलने आहेत. काही परिशिष्टांत खेड्यांतून गोळा केलेली गाणी आणि मौखिक परंपरा आहेत, आणि ती सांगणारी माणसे आता हयात नाहीत. अशा परिशिष्टांची स्वतंत्र सूची करायला एखाद्या अभ्यासकाने पाच वर्षे दिली, तर मराठी लोकविद्येवर त्याचे मोठे उपकार होतील. मातीखालचाही एक संग्रह आहे. भोकरदनचे १९७३ चे उत्खनन या विद्यापीठाने नागपूर विद्यापीठाबरोबर केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा त्यावरचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. अहवाल ग्रंथालयात वाचावा आणि वस्तू इतिहास वस्तुसंग्रहालयात पाहाव्यात. दोन्ही याच आवारात.

काही वेळा मराठवाड्यातले पुस्तक मराठवाड्यात मिळत नाही आणि शिकागोत मिळते. १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने गव्हाच्या व्यवहारातून साठलेल्या रुपयांत भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली आणि तिथल्या विद्यापीठांना वाटली. मराठीही त्यात होती. औरंगाबादहून निघणाऱ्या ‘वाचा’सारख्या अनियतकालिकाचा किंवा एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी छापलेल्या कवितासंग्रहाचा माग काढताना परदेशी सूचीही पाहाव्यात. तिकडे प्रत दिसली तर दुःख करत बसू नये. तिचे छायाचित्रित रूप मागवता येते, आणि पुस्तक नक्की निघाले होते हा पुरावा तर हाती येतोच.

सर्वांत नाजूक आणि सर्वांत तातडीचे काम अलीकडच्या कागदांचे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. लाँग मार्च निघाला, सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या सोळा वर्षांचा इतिहास बांधलेल्या पुस्तकांत थोडा आहे. पत्रके, सायक्लोस्टाइल केलेली निवेदने, सभांच्या जाहिराती, जिल्हा वृत्तपत्रांचे अंक, न्यायालयातले कागद आणि वस्त्यांवरची गाणी यांत तो फार मोठा आहे. दोन्ही बाजूंचे कागद जमवले पाहिजेत. ग्रंथालयाचे काम साक्ष राखण्याचे आहे, आणि ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे त्यांच्या लेखनाचे शासकीय खंड १९७९ पासून निघू लागले तेही वसंत मून यांच्यासारख्यांनी कागद न् कागद जपला म्हणूनच. पत्रकाचा कागद स्वस्त असतो, आम्लाने पिवळा पडतो, घडीवर तुटतो. लढ्यात वीस वर्षांचे असलेले कार्यकर्ते आता सत्तरीकडे आले आहेत. त्यांच्या ट्रंका अजून घरात आहेत.

या क्षेत्रात येणाऱ्यांना म्हणून माझे सांगणे आहे की, सुरुवात मोठ्या इमारतीतून करण्यापूर्वी आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात करा. अंबाजोगाई, भोकरदन, परांडा, कन्नड, गेवराई, जिथले तुम्ही असाल तिथे. तिथली सर्वांत जुनी दाखल नोंदवही मागा. पहिल्या शंभर नोंदी उतरवून घ्या, ती पुस्तके फळीवर आहेत का ते पाहा, त्यांच्यावरचे शिक्के आणि भेट देणाऱ्यांच्या सह्या टिपून ठेवा. मग त्या याद्या घेऊन विद्यापीठात या. इथल्या सूचीशी त्या ताडून पाहायला आम्ही तुमच्याबरोबर बसू.